धर्म-अध्ययनासाठी विद्यापीठाच्या लायब्ररीत संग्रह उभा करायचाय, सुरुवात कुठून करू?

शेल्फ_आणि_शिडी
नमस्कार मंडळी. आमच्याकडे धर्म-अध्ययनाचा एमए नव्याने सुरू होतोय आणि पुस्तकं घ्यायचं काम माझ्याकडे आलंय. आत्ता शेल्फवर काय आहे तर तत्त्वज्ञान विभागाने पूर्वी कधीतरी मागवलेली थोडी पुस्तकं आणि बाकी सगळी देणगीतली, म्हणजे प्रवचनं, संतचरित्रं, नित्यपाठाची पुस्तकं, पंथांच्या पुस्तिका. शिकवणाऱ्या चौघांनी चार याद्या दिल्यात आणि चारही याद्यांमध्ये कॉमन असं जवळजवळ काहीच नाही. व्हेंडर म्हणतोय ई-बुकांचं मोठं पॅकेज घ्या, एकदम हजारो पुस्तकं मिळतील. पहिल्या वर्षाला बजेट चांगलं आहे पण पुढच्या वर्षी किती मिळेल ते कुणीच सांगत नाही. सगळ्या धर्मांना सारखी जागा द्यायची का, मूळ ग्रंथ आधी घ्यायचे की त्यांच्यावरचे अभ्यास, आणि देणगीच्या पुस्तकांचं करायचं काय? ज्यांनी असं काम केलंय त्यांनी जरा सविस्तर लिहा प्लीज.

खरेदीविभाग
सारखी जागा द्यायच्या फंदात पडू नका. पाच धर्मांची प्रत्येकी दोनशे पुस्तकं घेतली की कागदावर छान दिसतं पण त्यातून एकाही विषयावर धड प्रबंध लिहिता येत नाही. लायब्ररीवाल्यांकडे यासाठी कॉन्स्पेक्टसची ० ते ५ अशी पातळ्यांची पद्धत आहे. ० म्हणजे घ्यायचंच नाही, २ म्हणजे प्राथमिक माहिती मिळेल इतपत, ३ म्हणजे शिकवायला पुरेल एवढं, ४ म्हणजे संशोधन होईल असं, आणि ५ च्या वाटेला बहुतेक लायब्ररींनी जाऊच नये. चौघांना एकत्र बसवा आणि प्रत्येक परंपरेसमोर एक आकडा लिहून घ्या. एमएला जे शिकवणार ते ३, ज्यात पीएचडीचे विद्यार्थी येणार ते ४, बाकी कुठलीही परंपरा २ च्या खाली जाता कामा नये, कारण तौलनिक पेपर लिहिणाऱ्याला ताओ किंवा बहाई पंथावर किमान काहीतरी भरवशाचं सापडायला हवं. याद्या जुळत नाहीत हे वाईट नाही, चौघांची कामं वेगळी आहेत एवढाच त्याचा अर्थ.

पैशाचं म्हणाल तर पहिल्या वर्षीचा पैसा जे जुनं होत नाही त्यात घाला: मूळ ग्रंथांच्या चिकित्सक आवृत्त्या (अनेक हस्तलिखितं ताडून पाठ ठरवलेल्या आणि पाठभेद खाली दिलेल्या), कोश, मोठे ज्ञानकोश. दरवर्षी पैसे मागणारं सबस्क्रिप्शन या पैशातून घेऊ नका, पुढच्या वर्षी बजेट कापलं की अ‍ॅक्सेसही जातो आणि हातात काही उरत नाही. ई-बुक घ्यायचंच असेल तर कायमच्या हक्काने मिळतंय का आणि एका वेळी किती जण उघडू शकतात ते करारात बघा. आणि पॅकेजमधली हजारो पुस्तकं वाचतं कोण? पिट्सबर्ग विद्यापीठाचा १९७९ चा प्रसिद्ध अभ्यास आहे, १९६९ साली घेतलेल्या पुस्तकांपैकी जवळपास ४० टक्के पुस्तकं पहिल्या सहा वर्षांत एकदाही बाहेर गेली नव्हती, आणि ती तर एकेक करून निवडलेली होती.

तळटीप_वाचणारा
माझं संशोधन या विषयातलं आहे म्हणून वाचकाच्या बाजूने लिहितो. मूळ ग्रंथ आधी, पण कुठलीही आवृत्ती उचलू नका, अभ्यासक ज्या आवृत्तीचा हवाला देतात तीच हवी. समजा विद्यार्थ्याला एका लेखात दीघनिकाय या पाली बौद्ध ग्रंथाचा, खंड २, पान ७२ असा संदर्भ दिसला. तो पान क्रमांक पाली टेक्स्ट सोसायटीच्या आवृत्तीचा असतो, ती संस्था १८८१ पासून हे काम करतेय आणि सगळं जग तिच्याच पानांनी बोलतं. तुमच्याकडे दुसरीच आवृत्ती असेल किंवा असा अनुवाद असेल ज्यात ती पानं समासात छापलेलीच नाहीत, तर बुद्धाच्या अखेरच्या दिवसांचं महापरिनिब्बाण सुत्त तिथे सुरू होतं हे त्या पोराला कळणारच नाही आणि तो संदर्भ तपासायचा सोडून देईल. कुराणाचंही तसंच. युरोपातल्या अभ्यासकांनी बराच काळ फ्ल्यूगेल या जर्मन अभ्यासकाच्या १८३४ च्या आवृत्तीतले आयतांचे क्रमांक वापरले, आज सगळीकडे चालतात ते १९२४ च्या कैरो आवृत्तीचे, दोन्हींत मध्येमध्ये काही आयतांचा फरक पडतो, त्यामुळे जुना लेख वाचून नव्या प्रतीत शोधायला गेलं की भलतीच ओळ समोर येते. बायबलमधल्या स्तोत्रांचं पण आहे, हिब्रू पाठातलं २३ वं स्तोत्र जुन्या लॅटिन पाठात २२ वं. चिनी बौद्ध ग्रंथांसाठी जपानमध्ये १९२४ ते १९३४ मध्ये छापलेली ताइशो आवृत्ती, तिचे संदर्भ खंड, पान आणि पानावरचा स्तंभ असे देतात. ती सीबीइटीए या साइटवर फुकट आहे, तिथे पैसे घालू नका. महाभारत घ्याल तर १९३३ ते १९६६ दरम्यान निघालेली चिकित्सक आवृत्ती, १९ खंड, खालच्या पाठभेदांसकट. नुसता श्लोक आणि अर्थ दिलेली प्रत एमएला पुरत नाही.

माझं सांगणं एवढंच की शिकवणाऱ्यांच्या यादीतले दहा चांगले लेख घ्या, त्यांच्या तळटीपा काढा, आणि प्रत्येक तळटीप तुमच्या शेल्फवर किंवा स्क्रीनवर कुठे उघडते ते बघा. जी उघडत नाही ती खरेदीच्या यादीत. चौघांच्या चार याद्यांपेक्षा ही यादी जास्त खरी निघेल. आणि अनुवाद एकच घेऊन थांबू नका, महत्त्वाच्या ग्रंथाचे दोन-तीन वेगवेगळ्या काळातले अनुवाद लागतात. माक्स म्युल्लरच्या संपादनाखाली १८७९ ते १९१० मध्ये निघालेले पूर्वेकडच्या धर्मग्रंथांचे ५० खंड आज ऑनलाइन फुकट मिळतात म्हणून लोक तेवढ्यावरच भागवतात, पण त्यांचं इंग्रजी आणि त्यांची समज दोन्ही त्यांच्या काळाची आहे, विद्यार्थ्याला शेजारी नवा अनुवाद दिसलाच पाहिजे.

कॉलनंबर
वरच्या दोघांशी सहमत. त्यात एक भर घालते, कारण कॅटलॉगिंगमध्ये बसून हे रोज दिसतं. तुमचा सध्याचा साठा कुठे कमी आहे हे बघायला ड्युई या विषयवार आकडे देणाऱ्या वर्गीकरण पद्धतीतले २०० चे, म्हणजे धर्माचे, आकडे मोजू नका. त्यात २२० ते २८० म्हणजे जवळजवळ सगळी जागा बायबल आणि ख्रिश्चन धर्माला आणि जगातले उरलेले सगळे धर्म २९० मध्ये कोंबलेले, बौद्ध २९४.३, जैन २९४.४, हिंदू २९४.५, शीख २९४.६, यहुदी २९६, इस्लाम २९७. रिपोर्ट दहा-दहाच्या गटात काढला की सात गट ख्रिश्चन धर्माचे दिसतात आणि बाकी सगळ्यांचा मिळून एक, आणि कमिटीत कुणीतरी म्हणतं की २९० तर भरलेलं आहे! मोजायचंच तर दशांशापर्यंत उतरून मोजा. यूडीसी या दुसऱ्या वर्गीकरण पद्धतीने २००० साली आपला २ चा वर्ग पूर्ण बदलून सगळ्या धर्मांना एकाच साच्यात बसवलं, ड्युईतही पर्यायी मांडणी आहे, पण चालू लायब्ररीत सगळे कॉल नंबर बदलणं प्रॅक्टिकल नाही.

दुसरं, या विषयाची निम्मी पुस्तकं २०० मध्ये नसतातच. तीर्थयात्रेवरचा मानववंशशास्त्राचा अभ्यास ३०० मध्ये, देवळं-मशिदी ७२० मध्ये, धर्म आणि कायदा ३४० मध्ये. तुम्ही फक्त २०० बघून ऑर्डर दिलीत तर जे आधीच आहे तेच दुसऱ्यांदा घ्याल.

शेल्फ_आणि_शिडी
खूपच उपयोगी, तळटीपांचं तर उद्याच सुरू करते. देणगीच्या पुस्तकांवर कुणी बोललं नाही. आमच्याकडे एक मत असं की प्रवचनं आणि पुस्तिका सरळ काढून टाका, विद्यापीठाच्या लायब्ररीत भक्तीचं साहित्य कशाला.

खरेदीविभाग
माझं मत काढून टाका असंच आहे. जागा खातात, एकाच पुस्तकाच्या सात-सात प्रती येतात, आणि देणारा पुढच्या वर्षी येऊन विचारतो आमच्या गुरूंचं पुस्तक दिसत नाही. देणगी घेतानाच लेखी अट हवी की ठेवायचं की नाही ते लायब्ररी ठरवेल.

तळटीप_वाचणारा
अट हवीच, पण सरसकट काढायला माझा ठाम विरोध आहे. धर्म-अध्ययन म्हणजे ईश्वरशास्त्र (थिऑलॉजी, श्रद्धेच्या आतून केलेला अभ्यास) नव्हे, इथे माणसं धर्म कसा पाळतात हाच अभ्यासाचा विषय आहे, आणि ते दिसतं याच साहित्यात. व्रताची पुस्तिका, यात्रेचं पत्रक, पंथाचं मासिक, हे सगळं संशोधकाचं मूळ साधन आहे. शिवाय मोठ्या प्रकाशकांचं पुस्तक दहा लायब्ररींत मिळतं, इंटरलायब्ररी लोनने मागवता येतं, ही पुस्तिका एकदा रद्दीत गेली की कुठेच मिळत नाही. सात प्रतींतली एक ठेवा, कोणी छापली, कोणत्या साली, किती आवृत्त्या निघाल्या ते पान फाटलेलं नसलेली प्रत निवडा. पण ती अभ्यासग्रंथांच्या शेजारी मोकळ्या शेल्फवर नको, वेगळ्या संग्रहात ठेवा म्हणजे पहिल्या वर्षाचा विद्यार्थी प्रचाराची पुस्तिका हाच संदर्भ म्हणून उचलणार नाही.

कॉलनंबर
हे जमण्यासारखं आहे. पुस्तिका एकेक कॅटलॉग करायला कुणाकडेच माणसं नसतात, तर पंथ किंवा विषयानुसार खोके करा, एका खोक्याला एकच नोंद, नोंदीत भाषा, साधारण काळ आणि कोणाकडून आलं ते लिहा. हे शेवटचं फार महत्त्वाचं, एकाच घरातून आलेली चाळीस पुस्तकं एकत्र राहिली तर त्या घरात काय वाचलं जायचं ते कळतं, विषयवार वाटून टाकली की ते गेलं.

आणि डेटाबेसचं राहिलं. अ‍ॅटला हा या विषयातल्या लेखांचा मोठा डेटाबेस, पण तो तयार झाला ईश्वरशास्त्र शिकवणाऱ्या लायब्ररींच्या संघटनेतून त्यामुळे त्यात ख्रिश्चन विषय जास्त. घेण्याआधी ट्रायल मागा आणि चौघांना आपापल्या विषयाचे शब्द टाकून बघायला सांगा. ट्युबिंगेन विद्यापीठाची इंडेक्स थिओलॉजिकस ही लेख-पुस्तकांची सूची फुकट आहे, तिबेटी ग्रंथांसाठी बुद्धिस्ट डिजिटल रिसोर्स सेंटर आहे. या दोन्हींच्या लिंका आजच तुमच्या कॅटलॉगमध्ये टाकता येतील, त्यासाठी बजेट मंजूर व्हायची वाट बघायला नको.