जुन्या वळणाचं पोस्टर, नवं सॉफ्टवेअर: तुमचा अनुभव लिहा (ठाणे-नवी मुंबईकरांसाठी धागा)

गणपती जवळ आले की आमच्या नौपाड्यात प्रत्येक मंडळाला 'जरा जुन्या काळचं वाटेल असं' पोस्टर हवं असतं. करून देणारा सहसा कुणाचा तरी भाचा असतो, आणि भाच्याने व्हेक्टर (रेषा आणि आकारांनी चित्र काढायचं) सॉफ्टवेअर कालपरवाच उतरवून घेतलेलं असतं. असे भाचे, भाच्या, मामा सगळ्यांनी इथे लिहा. इंकस्केप, कोरल, इलस्ट्रेटर, काहीही चालेल. कुठे अडलात, कसं सुटलं, छापून आल्यावर काय दिसलं, हे सविस्तर येऊ द्या. फक्त 'यूट्यूबवर बघा' असं उत्तर नको, ते सगळ्यांचं बघून झालंय.

नेरूळ, चित्रकला शिक्षिका

मी इंकस्केपवर शिकले, कारण ते फुकट आहे आणि शाळेतल्या जुन्या संगणकांवरही चालतं. विषय घरासमोरच होता. टी. एस. चाणक्यच्या बाजूच्या पाणथळीत फ्लेमिंगो उतरतात, त्यांचंच पोस्टर करायचं ठरवलं. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर (जागतिक महत्त्वाची पाणथळ) दर्जा मिळाला, तेव्हापासून शाळेत दरवर्षी पक्ष्यांवर काहीतरी असतंच.

ज्याचा हात ब्रशवर बसलाय त्याला पेन टूल, म्हणजे बिंदू टाकून रेष काढायचं हत्यार, सुरुवातीला शत्रूच वाटतं. फ्लेमिंगोची मान हा त्यावर चांगला धडा आहे. मान म्हणजे एक लांबट एस, आणि नवखा माणूस तिच्यावर डझनभर बिंदू टाकतो. मग मान गाठी आल्यासारखी दिसते. वळण जिथे टोकाला जातं, म्हणजे सगळ्यात डावीकडे, सगळ्यात उजवीकडे, सगळ्यात वर, तिथेच बिंदू द्यायचा. मधलं सगळं हँडलवर, म्हणजे बिंदूला असलेल्या वळण देणाऱ्या दांड्यांवर, सोडायचं. बिंदू कमी करायला कंट्रोल-एल आहे, पण ते दाबून रेष गुळगुळीत होते, चांगली होतेच असं नाही. माझ्या वर्गात मी ते बटण दाबू देत नाही.

पेन टूलची ही वक्ररेषा पिएर बेझिए या रेनो कंपनीतल्या इंजिनिअरने १९६० च्या दशकात मोटारींच्या पत्र्याच्या वळणांसाठी पुढे आणली. सित्रोएनमध्ये पॉल द कास्टेल्जो तेच गणित त्याच्याही आधी मांडून बसला होता, पण कंपनीने ते गुपित ठेवलं. हे वाचल्यावर पेन टूलवरचा माझा राग जरा उतरला. बिचारं चित्रकारासाठी बनलेलंच नाही.

रंग मी तीनच घेतले: कागदाचा पिवळट पांढरा, गुलाबी आणि गडद हिरवट निळा. सावलीसाठी ग्रेडियंट (हळूहळू बदलत जाणारी छटा) न देता गुलाबीवर निळ्याचा आकार ठेवला आणि ब्लेंड मोड मल्टिप्लाय केला. दोन्ही शाया एकावर एक पडल्यावर जसा तिसरा रंग उमटतो तसा जांभळट रंग आपोआप मिळाला. जुन्या लिथोत, म्हणजे दगडावरच्या छपाईत, रंगागणिक वेगळा दगड लागायचा. रंग वाढला की दगड वाढला, दगड वाढला की खर्च. माझ्या मते रेट्रोचं सगळं सौंदर्य त्या काटकसरीत आहे.

जाता जाता: पक्ष्याच्या पायाच्या मध्यावर जो सांधा दिसतो तो गुडघा नसून घोटा आहे. म्हणून तो मागे वळतो. पोस्टरवाले नेमके इथेच फसतात.

घणसोली, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी

सूर्यकिरणांची पार्श्वभूमी करायला लोक एकेक त्रिकोण फिरवत बसतात. त्याची गरज नाही. एक वर्तुळ काढा, आतला रंग काढून टाका, बाह्यरेषेची जाडी वर्तुळाच्या व्यासाएवढी करा आणि ती रेष तुटक करा. किरण तयार. डॅश आणि गॅपचे आकडे बदलले की किरण जाड-बारीक होतात. शेवटी स्ट्रोक टू पाथ करायला, म्हणजे रेषेचा आकार करून घ्यायला, विसरू नका, नाहीतर पोस्टर मोठं करताना सेटिंगप्रमाणे रेषेची जाडी तेवढीच राहू शकते.

कोपरी, डीटीपी आणि स्क्रीन प्रिंटिंग

ज्याला तुम्ही लोक रेट्रो म्हणता ती आमची रोजची नोकरी होती. लग्नपत्रिका दोन रंगांत असायच्या त्या हौसेने नाही, तिसऱ्या रंगाचे पैसे पार्टी देत नसे म्हणून. कोरलमध्ये रंग वेगळे करायचे, प्रत्येकाची पॉझिटिव्ह फिल्म काढायची, स्क्रीन एक्सपोज करायची. दुसरा रंग ओढताना कागद केसभर सरकला की अक्षराच्या कडेला पांढरी फट यायची आणि गिऱ्हाईक पैसे कापायचं. आता पोरं येतात आणि सांगतात, काका, मुद्दाम थोडं सरकवा. बरं बाबा, सरकवतो.

खरं दुखणं मराठी अक्षरांचं आहे, त्यावर कुणी बोलत नाही म्हणून लिहितो.

पहिलं, फॉन्ट. आमची सगळी जुनी कामं श्रीलिपीत, म्हणजे युनिकोडच्या आधीच्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये, आहेत. व्हॉट्सॲपवर आलेला युनिकोड मजकूर त्या फॉन्टमध्ये टाकला की कचरा दिसतो. कोरलच्या जुन्या आवृत्त्यांत युनिकोड मराठी टाकलं तर ऱ्हस्व वेलांटी भलतीकडे जाते आणि जोडाक्षरं सुटतात. इलस्ट्रेटरमध्ये परिच्छेदाच्या पॅनेलमधून वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडला नाही तर तीच गत. इंकस्केपमध्ये मराठी सरळ येतं, हे मान्य करावं लागेल.

दुसरं, शिरोरेषा. इंग्रजी पोस्टर बघून लोक अक्षरांमधलं अंतर वाढवतात. मराठीत अंतर वाढवलं की शिरोरेषेचे तुकडे पडतात. शीर्षक रुंद हवं असेल तर रुंद फॉन्ट घ्या, नाहीतर अक्षरांचे कर्व्ह (म्हणजे साधे आकार) करून शिरोरेषा हाताने ओढा.

तिसरं, कमान. मंडळाचं नाव कमानीत हवंच असतं. टेक्स्ट ऑन पाथ केलं तर प्रत्येक अक्षर आपापलं वाकडं उभं राहतं आणि शिरोरेषेला पायऱ्या पडतात. आधी कर्व्ह करा, मग सगळं वेल्ड करून एकसंध आकार करा, त्यानंतर सगळं एकत्र वाकवणारं एन्व्हलप लावा. इंकस्केपवाल्यांनी ऑब्जेक्ट टू पाथ, युनियन आणि मग पाथ इफेक्टमधला बेंड. मजकुराची मूळ प्रत मात्र पानाबाहेर ठेवा. कर्व्ह झालेल्या नावात ऐन वेळी 'कार्याध्यक्ष' बदलतात.

वेल्ड न करता बाह्यरेषा दिली तर प्रत्येक काना-मात्रेच्या सांध्यावर रेघ दिसते. फ्लेक्सवर हे रोज बघतो. दोन हात लांबून कळतं की भाच्याने केलंय.

ऐरोली, आयटी

काकांना नमस्कार, तो भाचा मीच आहे बहुतेक. :) फॉन्ट शोधणाऱ्यांसाठी सांगतो. यात्रा वन हा मोफत फॉन्ट मुंबईच्या लोकल स्टेशनांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला आहे, देवनागरी आणि रोमन दोन्ही. जाडजूड, गुबगुबीत अक्षर हवं असेल तर 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्यांचा 'मोदक' बघा. दोन्ही शीर्षकापुरतेच. खालचा पत्ता, वेळ वगैरेसाठी त्यांचाच 'मुक्त' हा फॉन्ट घ्या.

ठाणे, चरई, निवृत्त

वरच्या ताईंचं फ्लेमिंगोचं वर्णन आवडलं, पण एक हरकत नोंदवतो. जुनं म्हणजे सपाट रंग, ही कल्पना आपण युरोपातल्या रेल्वे आणि पर्यटनाच्या पोस्टरांवरून उचलली. आपल्या घरांत जे जुनं टांगलेलं होतं ते सपाट नव्हतं. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे मळवलीला गेला. तिथल्या लक्ष्मी-सरस्वती पाहा. एकेका चित्राला कितीतरी दगड लागलेत, लुगड्याच्या जरीपर्यंत छटा आहेत. तिथे काटकसर कुठे दिसते? चित्रकार मुळगावकरांचे स्प्रेने केलेले चेहरे तर इतके मऊ की त्यात रेषच सापडत नाही. चित्रकार दलालांची दिवाळी अंकांची मुखपृष्ठं घेतलीत तर तुमचं आणि माझं दोघांचंही म्हणणं खरं ठरेल, कारण त्यांनी दोन्ही केलं. आणि नाटकांच्या जाहिरातीत कमल शेडग्यांनी नुसत्या अक्षरांतून नाटक उभं केलं. त्यांच्या अक्षरांचा फॉन्ट शोधत बसणाऱ्या मुलांना मी सांगतो, बाबा, ते प्रत्येक नाटकासाठी नव्याने काढलेलं आहे, तूही काढ.

माझी नात इलस्ट्रेटरवर शिकवते आणि मी तिच्याशी वाद घालतो, असं आमचं चाललंय. विषय घेतलाय १६ एप्रिल १८५३: बोरीबंदर ते ठाणे, १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं. ठाण्यात या विषयाची पोस्टरं पुष्कळ होतात आणि बहुतेकांत इंजिन चुकीचं असतं. समोरून बंदुकीच्या गोळीसारखं निमुळतं, नाकावर तारा असलेलं इंजिन १९४७ नंतरचं, डब्ल्यूपी जातीचं. १८५३ ची इंजिनं व्हल्कन फाउंड्रीची, २-४-० रचनेची. म्हणजे बाजूने पाहिलं तर पुढे एक लहान चाक आणि मागे दोन मोठी. व्हेक्टरमध्ये हे काढायला सोपं आहे, एक चाक नीट काढायचं आणि बाकीची क्लोन करायची. चुकायला काही कारणच नाही.

नेरूळ, चित्रकला शिक्षिका

काका, हरकत मान्य. पण रविवर्मा प्रेसची छटा व्हेक्टरमध्ये आणायची कशी? इंकस्केपमध्ये मेश ग्रेडियंट (जाळीच्या बिंदूंवर रंग देऊन छटा करणं) आहे, पण ती फाइल ब्राउझरमध्ये नीट दिसत नाही आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही भरवसा नसतो. मी माझ्या सपाट रंगांवरच बरी.

ठाणे, चरई, निवृत्त

नातीने ब्लेंडने केलं. एक गडद आकार, एक फिकट आकार, मध्ये पायऱ्या. पायऱ्या मोजक्याच ठेवल्या तर कडा किंचित दिसतात आणि गंमत म्हणजे ते जास्त छापील वाटतं.

ऐरोली, आयटी

टेक्स्चरबद्दल कुणीच लिहिलं नाही? कागदाच्या सुरकुत्या, डाग, फिकटलेल्या कडा? मला तर त्याशिवाय पोस्टर अपुरं वाटतं.

कोपरी, डीटीपी आणि स्क्रीन प्रिंटिंग

नवीन पोस्टरला डाग कशाला पाडता? छापलं तेव्हा ते कोरंच होतं. दाणा हवा असेल तर हाफटोनचे, म्हणजे लहानमोठे होऊन छटा दाखवणारे, ठिपके द्या, तेही एका रंगात आणि थोडे मोठे. चार रंगांत द्यायचे असतील तर प्रत्येकाचा कोन वेगळा ठेवा: सायन १५, मॅजेंटा ७५, पिवळा ०, काळा ४५. एकाच कोनात दिले की जाळी उठते.

घणसोली, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी

काका, इंकस्केपची फाइल छापायला आणली तर चालेल का? आमच्या फेस्टचं पोस्टर आहे, ए३. इकडच्या एका दुकानात गुलाबी रंग विटकरी होऊन आला.

कोपरी, डीटीपी आणि स्क्रीन प्रिंटिंग

इंकस्केपची पीडीएफ आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या रंगांत, निघते. स्क्रीनवरचा चमकता गुलाबी शाईत नसतोच, तो कुठल्याही दुकानात मरणार. पीडीएफ स्क्रायबस या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये घे आणि तिथून सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शायांत, काढ. किंवा सरळ माझ्याकडे आण, कोरलमध्ये रंग हाताने भरू. मॅजेंटा ५५ टक्के, पिवळा ४० टक्क्यांच्या आसपास ठेवला तर फ्लेमिंगोला शोभेल असा गुलाबी येतो. बारीक अक्षरं नुसत्या काळ्यात ठेव, चार रंगांचा काळा केलास तर कडा फुटतात. ए३ म्हणजे २९७ बाय ४२०, चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जादा जागा), म्हणून पान ३०३ बाय ४२६ चं कर. अक्षरं कर्व्ह करून आण. आणि गणपतीच्या आदल्या दिवशी येऊ नकोस.