परदेशी पैशानं पंचायत बळकट होते का? नेपाळकडं बघून बोला

चाटी गल्ली
नेपाळमध्ये स्थानिक संस्थांची मुदत 2002 साली संपली आणि गावांत पुढची निवडणूक झाली थेट 2017 मध्ये. पंधरा वर्षं गावात निवडून आलेला एक माणूस नाही, सगळा कारभार सचिवाच्या हातात. आणि ह्याच काळात, 2008 पासून, डेन्मार्क, नॉर्वे, ब्रिटन, संयुक्त राष्ट्रांच्या संस्था अशा सगळ्यांनी मिळून 'स्थानिक शासन आणि सामुदायिक विकास' नावाच्या कार्यक्रमात पैसा घातला. हेतू काय, तर विकेंद्रीकरण बळकट करणं. ज्यांच्या हाती सत्ता द्यायची तेच जागेवर नाहीत!

त्यात गुणपत्रिका होती. किमान अटी पाळल्या तर वाढीव अनुदान, नापास झालात तर कपात. म्हणजे सचिव काय शिकला? तपासणीला येणारा साहेब खूश कसा ठेवायचा ते. गावकऱ्याला उत्तर देण्याची त्याला गरजच नव्हती, कारण गावकऱ्याच्या हातात मतच नव्हतं.

आपल्याकडंही बघा. सोलापूर महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, तीन वर्षं उलटून गेली तरी प्रशासकच होता. त्याआधी 2016 साली पहिल्या 20 स्मार्ट शहरांत आपलं नाव आलं, पण तो निधी खर्च करायला वेगळी कंपनी. रस्ता खणून ठेवला म्हणून नगरसेवकाला विचारावं तर तो म्हणायचा, "काम कंपनीचं हाय."

निवृत्त ग्रामसेवक, मोहोळ
मालक, शहरात बसून हे लिहायला सोपं आहे. 2003 ते 2009 ह्या काळात राज्यात जागतिक बँकेच्या मदतीनं जलस्वराज्य हा गावच्या पाण्याचा कार्यक्रम झाला. त्याआधी पाण्याची योजना वरून यायची आणि टाकी कुठं बांधायची हे उपअभियंता ठरवायचा. जलस्वराज्यात गावानं आधी दहा टक्के लोकवर्गणी भरायची, महिलांची वेगळी ग्रामसभा घ्यायची, हिशेब गावासमोर वाचायचा. ज्या बाईनं पदरचे पैसे घातले ती ठेकेदाराला पाइपचा दर विचारते. सगळीकडं झालं असं म्हणत नाही. पण ही अट आपल्या मंत्रालयानं आपणहून घातली असती का? खरं सांगा.

आणि नेपाळात सचिव एकटाही नव्हता. सर्वपक्षीय यंत्रणा बसवली होती, सगळ्या पक्षांचे लोक मिळून निधी वाटायचे. त्यात इतका गैरव्यवहार झाला की 2012 मध्ये ती मोडावी लागली. साहेबाची तपासणी त्यापेक्षा बरी.

उजनीचं पाणी
जलस्वराज्य कर्ज होतं हो. फेडणार आपणच.

चाटी गल्ली
@निवृत्त ग्रामसेवक, जलस्वराज्यात गावाला निवडून आलेला सरपंच होता. माझा मुद्दा तिथंच आहे. सरपंच असताना बाहेरची अट त्याला वळण लावते. सरपंचच नसेल तर ती अट त्याची जागा घेते. सर्वपक्षीय यंत्रणेतलेही कुणी निवडून आलेले नव्हते, पक्षानं पाठवलेले होते.

विडी घरकुल
मग 2017 मध्ये काय आकाशातून माणसं पडली का? 753 पालिका एका वर्षात उभ्या राहिल्या, पस्तीस हजारांवर प्रतिनिधी निवडून आले. प्रत्येक वॉर्डात दोन महिला सदस्य, त्यातली एक दलित, हे कायद्यानंच. त्या आधीची कित्येक वर्षं ह्याच कार्यक्रमातून वॉर्ड नागरिक मंच चालले होते. नळ आधी की शाळेची खोली आधी, ह्यावर बायका तिथं बसून भांडत होत्या. निवडणूक कधी होणार हे काठमांडूच्या हातात होतं, दात्याच्या नाही. तोवर नुसतं हात बांधून बसायचं होतं का?

उजनीचं पाणी
आता मोठं लिहितो. केरळनं 1996 मध्ये लोकयोजना सुरू केली, राज्याच्या योजना निधीतला 35 ते 40 टक्के पैसा स्थानिक संस्थांना द्यायचं ठरवलं. सुरुवातीला कुणी परदेशी दाता नव्हता. इथं उलटं. आधी जकात गेली, मग एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, तोही गेला, आणि आता जीएसटीच्या भरपाईसाठी दर महिन्याला मुंबईकडं डोळे. ग्रामपंचायतीत जा, केंद्राच्या पंधराव्या वित्त आयोगाचा साठ टक्के पैसा बंधित होता, पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा. शाळेचं छत गळतंय? गळू दे. नॉर्वेला कशाला शिव्या देताय, आपला सगळ्यात मोठा दाता मंत्रालयात आणि दिल्लीत बसलाय, आणि अटी त्याच्याच जास्त जाचक.

विडी घरकुल
त्याच वित्त आयोगाची एक अट तुम्ही सोडलीत की ओ. निवडून आलेलं मंडळ नसेल तर अनुदान नाही. आपल्या जिल्हा परिषदेची मुदतही मार्च 2022 लाच संपली. नेपाळच्या दात्यांनी हीच एक अट घातली असती तर?

चाटी गल्ली
ताई, अट घालून झालं काय? मुदत संपलेल्या जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांचा हिस्सा अडकला आणि निवडणुका पुढंच ढकलल्या गेल्या. सर्वोच्च न्यायालयाला मे 2025 मध्ये तारखा घालून द्याव्या लागल्या.

निवृत्त ग्रामसेवक, मोहोळ
म्हणजे निवडणूक लांबवणाऱ्याचं काही गेलं नाही, पैसे बुडाले ते गावाचे. मग अट घालणाऱ्यानं दंड कुणाला करायचा, हे आधी सांगा. तुम्ही पहिल्यापासून दात्याला धरलंय.