मदत हवी आहे: पपनसावरच्या अळ्या राणी पाकोळीच्याच ना?
नमस्कार मंडळी. आमचं घर चिपळूणजवळ. परसातल्या पपनसावर गेल्या आठवड्यात राणी पाकोळी, म्हणजे ब्लू मॉरमॉन, बराच वेळ घुटमळत होती. २०१५ पासून आपलं राज्य फुलपाखरू आहे ते. तळहाताहून मोठं, काळंभोर, मागच्या पंखांवर फिकट निळा पट्टा आणि त्यावर काळे ठिपके. शेपटी नाही. सह्याद्रीपासून श्रीलंकेपर्यंत आढळतं म्हणतात, पण माझ्या दारात पहिल्यांदाच दिसलं!

आता कोवळ्या पानांवर पाच अळ्या आहेत. आधी अगदी पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसायच्या, आता दोन हिरव्या झाल्यात. काडीने हलकेच स्पर्श केला तर डोक्यामागून दोन लाल शिंगं बाहेर काढतात आणि उग्र वास येतो.

अडचण अशी की कॉमन मॉरमॉन आणि लिंबाचं फुलपाखरूही याच कुळातल्या झाडांवर अंडी घालतात. हिरव्या अळीवरून या तिघांतला फरक कसा ओळखायचा? आणि शेजारचे काका उद्या झाडावर कीटकनाशक मारू म्हणतायत. पाच अळ्यांनी मोठ्या झाडाचं खरंच नुकसान होतं का? कृपया आजच सांगा, मला त्या वाचवायच्या आहेत.