अंटार्क्टिकात एवढी थंडी, मग समुद्राच्या पाण्यानं तिथला बर्फ जोरात कसा सरकते?

भूगोलवाले_मास्तर:
नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात नववीले भूगोल शिकवतो. काल एका पोरीनं विचारलं, सर तिथं हवा शून्याच्या कितीतरी खाली, मग बर्फ वितळते कसा? मी म्हटलं समुद्र गरम होऊन राहिला. तर एक पोरगा उठला, ग्लासात तरंगणारा बर्फ वितळला तरी पाणी वाढत नाही हे तुम्हीच दाखवलं होतं ना! बरोबरच आहे त्याचं. आन् टणक बर्फ वाहते म्हणजे काय हे मलेही नीट सांगता येत नाही. पोरायले समजेल असं कोणी सांगा, बुधवारी तोच तास आहे.

वर्धेकाठचा:
मास्तर, किलोमीटर दोन किलोमीटर जाड बर्फ साचला की तो स्वतःच्याच वजनानं दबते आन् उताराकडे सरकत राहते, हीच हिमनदी. समुद्राशी आली की तिचं तोंड जमीन सोडून पाण्यावर तरंगते, त्याले आइस शेल्फ म्हणतात. हे तोंड दोन्ही बाजूच्या खडकाले घासत, कुठं समुद्रातल्या उंचवट्यावर टेकत मागच्या बर्फाले अडवून धरते. उतारावर भरलेली बंडी उभी केली की चाकापुढे दगड लावतो ना, तसं. समुद्राचं पाणी तो दगड खालून झिजवते, मग बंडी निघाली. म्हणजे पोरगा बरोबर आहे, तरंगता बर्फ वितळून पाणी जवळपास वाढत नाही, पण मागं जमिनीवर होता तो समुद्रात उतरते, तो ग्लासात नवा खडा टाकल्यासारखा. 2002 मध्ये अंटार्क्टिकातलं लार्सन बी हे शेल्फ काही आठवड्यांतच फुटलं, ते जास्त करून उन्हाळ्यात वरच्या बाजूनं वितळून साचलेल्या पाण्यानं, पण दगड निघाल्यावर काय होते ते तिथं दिसलं, मागच्या हिमनद्या कित्येक पट जोरात धावल्या.

मेळघाटची_ताई:
पाणी किती गरम तेही सांगा मुलांना. अंटार्क्टिकाजवळच्या अमुंडसेन समुद्रात, जिथे थ्वेट्स आणि पाइन आयलंड या हिमनद्या उतरतात, खोलातलं पाणी शून्याच्या वर साधारण एखादा डिग्री असतं, बस. पण खारं पाणी उणे 1.9 च्या आसपास गोठतं आणि खोलात दाबामुळे हा गोठण्याचा आकडा आणखी खाली जातो, म्हणून तेवढं पाणीसुद्धा बर्फाला खाऊन टाकतं. लग्नातली बर्फाची लादी भुशात टिकते, पाण्याच्या ड्रमात टाकली की बघता बघता संपते, मुलांनी पाहिलेलं असतं. आणि आपल्या विहिरीत वरचं पाणी कोमट, खालचं गार, तिथे उलटं, कारण खालच्या कोमट पाण्यात मीठ जास्त म्हणून ते जड.

संत्राबाग:
पण वेग पाण्यामुळेच वाढला हे कशावरून? हवाही तर गरम होऊन राहिली.

वर्धेकाठचा:
भाऊ, प्रश्न बरोबर आहे. ग्रीनलंडची याकोब्सहाव्न पहा. 1997 च्या सुमारास तिच्या खाडीत कोमट पाणी शिरलं, पुढं तरंगतं तोंड तुटलं आन् वर्षाला 6-7 किलोमीटर चालणारी हिमनदी 2003 पर्यंत 12 च्या वर गेली, 2012 च्या उन्हाळ्यात तर 17 च्या वेगानं. मग 2016 पासून तेच पाणी दीड-दोन डिग्रीनं गार झालं तर ही हळू झाली, पुढं जाडही झाली. पाणी गार झाल्याबरोबर तिनं वेग सोडला, माझ्यासाठी हाच सगळ्यात मोठा पुरावा. अर्थात हवेचाही वाटा आहे, वर वितळलेलं पाणी भेगांतून तळाशी जाऊन समुद्रात निघते तेव्हा खालचं कोमट पाणी बर्फाले घासत वर ओढलं जाते.

भूगोलवाले_मास्तर:
बंडीचं तर बुधवारी घेतोच. ताई, ते मिठाचं वर्गात दाखवता येईल का?

मेळघाटची_ताई:
हो सर. काचेच्या बरणीत आधी कोमट पाणी, भरपूर मीठ आणि थोडी शाई घाला. मग चमच्याच्या पाठीवरून साधं गार पाणी अगदी हळू सोडा. शाईचं पाणी कोमट असूनही खालीच बसून राहील. जोरात ओतलं तर मिसळेल, तेव्हा घरी एकदा करून बघा.