शब्दचर्चा: 'घरमालक' म्हणजे नक्की कोण?

रानजाई
मंडळी, एका वाक्यावर अडकून बसलेय. दिवाळी अंकासाठी लालबाग-परळवरच्या एका इंग्रजी लेखाचा अनुवाद चाललाय. वाक्य अगदी साधं आहे, टॉवर यायला लागल्यावर तिथले जुने होमओनर्स सगळ्यात आधी विकून बाहेर पडले. मी सरळ 'जुने घरमालक' लिहून मोकळी झाले. चिंचपोकळीच्या काकूला वाचून दाखवलं तर ती म्हणते, "मग, मालक विकणारच की, चाळ बिल्डरला देऊन सुटले, आम्हाला विचारतंय कोण." म्हणजे तिच्या कानाला घरमालक म्हणजे ज्याला आपण भाडं देतो तो! लेखकाला मात्र स्वतःच्याच घरात राहणारा माणूस म्हणायचाय. ह्याला सुटसुटीत शब्द आहे का? आणि जाताजाता, जेन्ट्रिफिकेशनला, म्हणजे पैसेवाले येऊन जुन्या वस्तीचं रूप आणि भाव बदलतात त्याला, संपादक 'अभिजनीकरण' सुचवतायत, मला ते घशाखाली उतरत नाहीये.

सदाशिवपेठी
घरधनी. इतका सुंदर जुना शब्द असताना लोक अडतात कसे कळत नाही.

लालबागकर
घरधनी म्हणजे नवरा हो. आमच्या मजल्यावरच्या बायका म्हणायच्या, घरधनी सेकंड पाळीला गेलेत. तुमचं वाक्य होईल 'जुने घरधनी आधी विकून बाहेर पडले', वाचणारा भलतंच समजेल.

सदाशिवपेठी
प्रदेशानुसार अर्थ बदलतो म्हणून शब्द टाकून द्यायचा नसतो. बरं, 'स्वगृही' चालेल?

पिठलंभाकर
शनी स्वगृही आणि आम्ही ट्रान्झिट कॅम्पमध्ये 😂

वऱ्हाडी ठेचा
आमच्या नागपुरातही घरमालक म्हणजे किराया घेणाराच. पोरीच्या स्थळाची चौकशी करताना लोक विचारतात, किरायाने राहतात का घरचं घर आहे? 'घरचं घर' हे ऐकायला वेडगळ वाटते पण त्यात सगळं आलं. त्याचं नाम मात्र बनत नाही, 'घरच्याघरवाला' कोण लिहिणार.

लालबागकर
रानजाई, तुमची काकू शंभर टक्के बरोबर आहे. आमच्याकडे मालक हा शब्द कायम दुसऱ्या कोणासाठीच असतो. शेठ, नाहीतर एखादा ट्रस्ट, आणि आपल्याला दिसतो तो फक्त भाडं घ्यायला येणारा मेहताजी. कोणाची खोली विचारलं तर 'आमची', मालक कोण विचारलं तर 'शेठ', आणि ह्यात कोणाला काही विसंगत वाटत नाही. जागा बघायला गेलात की पहिला प्रश्न 'ओनरशिप का पागडी?' पागडी म्हणजे एकरकमी मोठी रक्कम मोजून भाडेकरूचा हक्क घ्यायचा, मग महिन्याला नाममात्र भाडं, पावती आपल्या नावाने. हक्क मुलाबाळांकडे जातो, विकताही येतो, फक्त विकताना मालकाचा हिस्सा त्याच्या हातावर ठेवायचा. मुळात १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला गोठवली, मालकाला भाड्यात काही सुटेना, म्हणून हा आडमार्ग पडला. पागडी घेणं गुन्हा होता तरी अर्धी मुंबई त्यावरच उभी होती. शेवटी १९९९ च्या नव्या कायद्यात कलम ५६ आलं आणि २००० पासून ते राजरोस झालं. आता सांगा, आमचे वडील होमओनर का टेनंट? कागदावर भाडेकरू, पण खोली विकून गावाला घर बांधून उरतील एवढे पैसे घेणारे भाडेकरू. तुमच्या लेखकाने ह्यातले नक्की कोण धरलेत ते आधी त्याला विचारा, कारण जुन्या लालबागेत ओनरशिपवाले तसे थोडेच.

शुद्धमती
विषय चांगला आहे पण 'पागडी' हे रूप पाहून डोळ्यांना त्रास झाला. शब्द 'पगडी' आहे. पागडी ही गुजराती 'पाघडी'ची नक्कल. मराठीत पगडी किंवा पागोटे.

लालबागकर
पगडी डोक्यावर, पागडी खोलीवर.

शुद्धमती
कोटी झाली, उत्तर नाही झालं. इमारतीचे मालक गुजराती-कच्छी होते म्हणून त्यांचा उच्चार आपण उचलला, एवढाच त्याचा इतिहास.

पिठलंभाकर
अहो मग तेच तर उत्तर आहे ना? शब्द ज्याने पैसे मागितले त्याच्याकडून आला. मागणारा पाघडी म्हणाला, देणारा पागडी म्हणाला, डोक्यावरची पगडी पुण्यात सुखरूप आहे. एका शब्दाच्या दोन कामांसाठी दोन रूपं झाली तर बिघडलं काय.

बालीगंजची सून
कोलकात्यात ह्यालाच 'सलामी' म्हणतात. इथे सासऱ्यांच्या दुकानाची सलामी दिलीय. म्हणजे तिकडे पागोटं, इकडे मुजरा, मान मालकाचाच 😄

सदाशिवपेठी
मूळ प्रश्नाकडे यावं. 'बिऱ्हाडकरू' विसरलात सगळे. वाड्यात मालक एक आणि बाकी बिऱ्हाडकरू. भाडेकरूमध्ये नुसता व्यवहार येतो, बिऱ्हाडात संसार येतो.

वऱ्हाडी ठेचा
पण तो भाडेकरूचाच शब्द झाला, त्यांना उलटा पाहिजे.

शुद्धमती
आणि बिऱ्हाड हे कन्नड 'बिडार'वरून. मुक्काम, तात्पुरता तळ. बिऱ्हाड पाठीवर असतं, मालकी त्यात कधीच नव्हती.

सदाशिवपेठी
गुजराती चालत नाही, कन्नड चालतं. छान.

तळकोकणी
इतके दिवस नुसतं वाचत होतो, आता राहवत नाही. तुमच्या मालक-भाडेकरू दोन्हीत न बसणारी एक चीज सांगतो. गावकीची खोली. आमच्या वाडीची एक खोली होती परळला, दहा बाय बारा, पोटमाळा काढलेला. गावातला कोणीही पोरगा मुंबईला आला की सरळ तिथे. भिंतीला ओळीने खुंट्या, प्रत्येकाची खुंटी ठरलेली, खाली ज्याची त्याची ट्रंक. जेवायला शेजारच्या मावशींची खानावळ. पहिल्या पाळीवाला उठला की रात्रपाळीवाला येऊन त्याच जागेवर आडवा. महिन्याची वर्गणी गावमंडळात जमा, त्यातूनच भाडं. खोली कोणाची? वाडीची. पावती मात्र एका आजोबांच्या नावावर, कारण मेहताजीला पावती फाडायला एक नाव लागायचं. आजोबा गेले, त्यांच्या मुलाचं नाव चढलं. पुढे चाळ डेव्हलपमेंटला गेली आणि बिल्डरचा करारनामा आला तो अर्थातच त्या मुलाच्या नावाने. मंडळाच्या बैठकीत जे काही झालं ते इथे लिहीत नाही. वाडीचं म्हणणं खोली आमची, त्याचं म्हणणं कागद माझा. तुम्ही ह्याला घरमालक म्हणा नाहीतर पावतीधारक, वाडीत त्याला काय म्हणतात ते छापता येणार नाही.

माडाखालचो
गोंयच्या लोकांचे असेच कूड होते मुंबईत, धोबीतलाव माझगावला. गावाच्या नावाचा क्लब, भिंतीपाशी ओळीने पेट्या, आगबोटीवर चढणारे लोक तिथे राहायचे. आणि शब्दांचं म्हणाल तर आमच्या गोव्यात घराचा मालक आणि जमिनीचा मालक वेगळा असू शकतो. भाटकार जमिनीचा, त्याच्या भाटात घर करून राहणारा तो मुंडकार. १९७५ साली मुंडकारांसाठी कायदा झाला, घराखालची जमीन विकत घ्यायचा हक्क मिळाला. आता भाटकार दिल्लीवाल्यांना विकून बसलेत आणि मुंडकाराच्या दाराशी स्विमिंग पूल. तुमच्या त्या जेन्ट्रिफिकेशनला आमच्याकडे लोक नुसतं 'दिल्लीकार आयले' म्हणतात.

पिठलंभाकर
कुळकायद्याने कुळाला जमीन मिळाली, मुंडकाराला घर मिळालं, चाळीतल्या भाडेकरूला काय मिळालं तर पावती.

लालबागकर
तसं अगदीच नाही. उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणारी जुनी चाळ पुनर्विकासाच्या नियम ३३(७) खाली गेली की भाडेकरूला मालकी हक्काची जागा मिळते, निदान तीनशे चौरस फूट. सरकारच्या बीडीडी चाळींत तर १६० फुटांच्या खोलीला ५०० फूट, वरळीत १४ ऑगस्ट २०२५ ला पहिल्या ५५६ चाव्या वाटल्या. म्हणजे काल पागडीवाला किंवा सरकारचा भाडेकरू, आज ओनरशिपवाला. गंमत अशी की तोपर्यंत मेंटेनन्सचं बिल येतं. आमच्या ओळखीचं एक कुटुंब चाळीत महिन्याला शंभरच्या आत भाडं भरायचं, आता मालक झाल्यावर हजारोंत मेंटेनन्स भरतंय. जागा भाड्याने देऊन ते गेले डोंबिवलीला. म्हणजे आता ते खरोखरचे घरमालक, काकूच्या अर्थानेसुद्धा!

रानजाई
लालबागकर, हे फारच कामाचं आहे, म्हणजे वाक्यच परत तपासावं लागणार. पण दुसऱ्या शब्दाचं काय? शुक्रवारी मजकूर द्यायचाय.

शुद्धमती
अभिजनीकरणात वाईट काय आहे? मूळ इंग्रजी शब्दात जेन्ट्री आहे, रूथ ग्लास ह्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९६४ मध्ये लंडनबद्दल लिहिताना तो घडवला. जेन्ट्री म्हणजे अभिजन. तंतोतंत.

पिठलंभाकर
अभिजन कोण झालं पण? मिलच्या आवारात पब आले, जाहिरात कंपन्या आल्या, त्या लोअर परळला दलालांनी 'अप्पर वरळी' म्हणायला सुरुवात केली कारण परळ म्हटलं की भाव पडतो. राहणारे लोक होते तिथेच आहेत नाहीतर विरारला. त्यांचं काही अभिजनीकरण झालेलं नाही. आणि 'उच्चभ्रू' तर नकोच, उच्चभ्रू वस्ती फक्त पेपरात घरफोडी झाल्यावर असते.

वऱ्हाडी ठेचा
वस्तीपालट? खांदेपालटासारखं.

रानजाई
अरे हा छान आहे!

तळकोकणी
कानाला गोड आहे, म्हणूनच माझा विरोध. वस्तीपालट म्हटलं की ऋतुपालट झाल्यासारखं वाटतं, पाऊस संपला आणि थंडी आली. असं काही आपोआप झालेलं नाही. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर, तो रीतसर मिटला असं कोणी आजही म्हणत नाही. १९९१ च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे होते, एक पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ ला बदल करून ठरवलं की वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची, शेड पाडून मोकळी होणारी धरायची नाही. आता गिरणी म्हणजे सगळी शेडच, मोकळी जमीन असणार किती? २००६ ला सुप्रीम कोर्टानेही ते उचलून धरलं. हे सगळं कोणीतरी बसून, सह्या करून केलंय. तेव्हा शेवटी 'करण' पाहिजेच, पुढे काय लावायचं ते लावा.

शुद्धमती
म्हणजे अभिजनीकरणच. धन्यवाद.

तळकोकणी
नाही! अभिजनांना त्यात गोवून बिल्डर सुटतो. टॉवरीकरण म्हणा.

सदाशिवपेठी
टॉवरीकरण? इंग्रजी धातू, संस्कृत प्रत्यय. ह्यापेक्षा जेन्ट्रिफिकेशन बरं.

पिठलंभाकर
राष्ट्रीयीकरण चालतं, संगणकीकरण चालतं, टॉवर आला की विटाळ. आमच्याकडे कोणी टॉवरीकरणही म्हणत नाही, 'एरिया बदलला' म्हणतात. झालं.

शुद्धमती
एरिया!

लालबागकर
आणि 'डेव्हलपमेंटला गेली'. ह्यावर कोणीतरी लिहा राव. चाळ 'डेव्हलपमेंटला जाते', जशी माणसं आधी मुलुखाला जायची. रीडेव्हलपमेंट कोणी म्हणत नाही, तो री फक्त बिल्डरच्या बोर्डवर. डेव्हलपमेंटला गेलेली चाळ परत आली का, हाच त्यातला पुढचा प्रश्न असतो. कितीतरी लोक तात्पुरत्या जागेचं भाडं देणं बंद केलेल्या बिल्डरच्या नावाने बोटं मोडत बसलेत.

सदाशिवपेठी
'मुलुखाला' की 'मुलखाला'? मधला उकार जातो.

शुद्धमती
जातो. मुलूख, मुलखाला. इथे मी तुमच्याशी सहमत आहे, नोंद घ्यावी.

लालबागकर
आमच्या आईला सांगतो.

काळाचौकी१२
नमस्कार, नवीन आहे इथे. पागडी शोधत आलो. वडिलांच्या नावावरची पावती माझ्या नावावर करायचीय, ते हयात आहेत, मेहताजी म्हणतो मालकाला तेहतीस टक्के द्यावे लागतील. बरोबर आहे का?

सदाशिवपेठी
अहो हा शब्दचर्चेचा धागा आहे.

लालबागकर
काळाचौकी, तो एक तृतीयांशचा भाव बाहेरच्याला विकताना सांगतात, बापाकडून मुलाकडे नाव करताना नाही. रोख तर अजिबात देऊ नका. रेशनकार्ड, लाईटबिल, वडिलांबरोबर राहत असल्याचे कागद जमवा, वकिलाला दाखवा. चाळीला उपकर आहे का तेवढं आधी बघा.

काळाचौकी१२
उपकर म्हणजे सेस ना?

शुद्धमती
हो, सेस म्हणजे उपकर. पाहिलंत, एकाने तरी मराठी शब्द शिकून घेतला.

काळाचौकी१२
नाही, सेस माहीत होता, पावतीवर 'रिपेअर सेस' असंच छापलंय. वडील त्याला दुरुस्तीचे पैसे म्हणतात. दुरुस्ती कधी झाली नाही ती गोष्ट वेगळी.