तान्हं बाळ, अर्धवट कशिदा आणि बंद पुस्तकं : वेळ कसा काढता?

इरकलकाठ

मदत हवी आहे, आणि थोडी घाईचीही आहे.

बाळ चार महिन्यांचं झालंय. बाळंतपणाला बेळगावला माहेरी होते, आता पुण्यात परत आलेय. घरात मी, नवरा आणि सासूबाई. रजेच्या २६ आठवड्यांपैकी चार आधीच संपले होते, त्यामुळे महिन्याभरात कामावर जायचंय. दोन गोष्टी अडल्यात.

पहिली, वाचन. रात्री झोपण्याआधी वाचायची सवय शाळेपासूनची. आता पुस्तक उघडलं की दुसऱ्या पानावर बाळ तरी उठतं, नाहीतर मी तरी झोपते. एकच परिच्छेद तीन-तीनदा वाचते. घरपोच वाचनालयाची वर्गणी चालू आहे, पुस्तकं येतात आणि तशीच परत जातात.

दुसरी, कशिदा. धारवाडच्या मावशीकडे शिकलेला कर्नाटकी कशिदा. काळ्या चंद्रकळेच्या पदरावर गोपुरं भरायला घेतली होती. संक्रांतीला बाळाचं बोरन्हाण आणि आपण तीच साडी नेसायची, असा बेत. पण ज्यांनी त्यातली गवंती, म्हणजे दुहेरी धावत्या टाक्याची भरण, घातलीय त्यांना कळेल : कापडावर छापलेलं काही नसतं, धागे मोजायचे, जाताना एकाआड एक टाका आणि येताना सुटलेल्या जागा भरायच्या. गाठ मारायची नाही, दोन्ही बाजू सारख्या दिसायला हव्यात. मध्येच उठले की परतीची वाट कुठून होती तेच विसरते. मग उसवा.

सासूबाईंचं म्हणणं, बाळंतिणीने वाचू नये, सुई धरू नये, डोळे अधू होतात. ओरडत नाहीत, पण पुस्तक दिसलं की दिवा मालवतात. नवरा म्हणतो, "बाळ झोपलं की तूही झोप." सगळेच तसं म्हणतात. मग मी माझं कधी करू?

कृपया "हे दिवस परत येत नाहीत" असं लिहू नका. ते कळतंय मला.

निमाआजी

अभिनंदन गं. दिवा मालवणाऱ्या सासूबाई वाचून हसू आलं, आमच्याकडेही अगदी हेच होतं. वाचून डोळे जात नाहीत. पण पूर्वी घासलेटच्या दिव्यावर, अंगात रक्त नसताना, जागरणावर जागरण करून बायका शिवत बसायच्या, तेव्हा डोकं धरायचं, डोळे चुरचुरायचे. त्यातून हा नियम आला असावा असं मला वाटतं. त्यांच्याशी वाद घालू नकोस. पुढच्या तपासणीला डॉक्टरांसमोर त्यांनाच विचारू दे. घरातल्या सुनेपेक्षा पांढऱ्या कोटाचं ऐकतात, हा माझा अनुभव.

बाकी बोरन्हाणाची एवढी धास्ती कशाला? संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं. पहिल्या वर्षी नाही जमलं तर पुढच्या वर्षी कर, पाच वर्षांपर्यंत करतात. उलट दीड वर्षाचं पोर बोरं वेचायला धावतं, ती खरी मजा.

कोकणकडा

सहा महिने छंद नाही केला तर काय बिघडतं? आमच्या दोन मुलांच्या वेळी बायकोने सगळं बाजूला ठेवलं होतं. छंद कुठे पळून जात नाहीत.

नानीचीनात

@कोकणकडा, त्या बाजूला ठेवलेल्या सगळ्याचं पुढे काय झालं, हे बायकोला विचारून इथे लिहाल का? खरंच विचारतेय, टोमणा नाही. (थोडा आहे.)

सुलटउलट

मुद्द्याचं बोलते. दोन मुलं, दोन्ही वेळा हातात काही ना काही चालू होतं, पण तेच काम नव्हतं. गवंती हे डोक्याचं काम आहे. तुटक दहा-दहा मिनिटांत ते होणार नाही, तुम्ही कितीही हुशार असलात तरी. त्या दहा मिनिटांना हाताचं काम द्या, ज्यात मोजावं लागत नाही आणि मध्येच टाकलं तरी काही उसवत नाही.

माझी पसंती क्रोशाला. सुयांवर शंभर टाके असतात, बाळाने एक लाथ मारली की ओळ घसरते. क्रोशात एकच टाका जिवंत असतो. तो ओढून मोठा केला किंवा त्यात सेफ्टी पिन अडकवली की उठा, दोन दिवसांनी या, तो तिथेच असतो. साधा चौकोन घ्या, खांबांचा. एक चौकोन झाला की डब्यात. चौकोन मोजूही नका, साठले की जोडा.

सुयांवरच विणायचं असेल तर गोल सुई घ्या. सरळच विणायचं, पण टाके मधल्या वायरवर सरकवून ठेवता येतात आणि लांब सुईचं टोक बाळाच्या डोक्याशी येत नाही. नुसतं सुलट, सगळ्या ओळी सुलट. पुण्यात लोकरीची गरज थंडीचे दोन महिने, म्हणून सुती दोरा घ्या.

एक मात्र सांगते. बाळासाठी मोजे किंवा हातमोजे करणार असाल तर आतली बाजू उलटून बघा. दोन रंगांच्या नक्षीत आतून लांब धागे लोंबतात, ते बाळाच्या बोटाला गुंडाळले जातात. बाळ रडत राहतं, कारण कळत नाही, आणि बोट सुजून लाल-निळं होतं. केसाचंही तसंच, आणि बाळंतपणानंतर आपले केस गळतात फार. विनाकारण रडत असेल तर मोजे काढून बोटं बघायची. जाळीदार दुपटंही नको, बोटं अडकतात. आणि मणी-बटणं लावलेली खेळणी तीन वर्षांपर्यंत नकोच.

रात्रपाळी

वाचनाबद्दल. मी बाप आहे, रात्रीचं दूध बाटलीने मी पाजायचो, म्हणून हे नाव.

रात्री कागदी पुस्तक नको. एक हात बाळाखाली, पान उलटायला हात नाही, दिवा लावला की बाळ जागं. उजेड कमी करता येणारं किंडल हवं. नसेल तर मोबाईलवर काळी पार्श्वभूमी, मोठी अक्षरं आणि सगळ्या सूचना बंद. मोबाईल पोराच्या कपाळावर एकदा पडलाय, तेव्हा मागे अंगठी लावून घ्या. आणि झोप अनावर असेल तर सोफ्यावर बाळाला घेऊन वाचत बसू नका. डोळा लागला आणि बाळ फटीत घसरलं तर धोका आहे. यात गंमत नाही.

कादंबरी सोडा. मला त्या काळात पत्रं, डायऱ्या, छोट्या कथा आणि जुने दिवाळी अंक झेपले. १९०९ साली 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हा तान्ह्या मुलांच्या आईबापांचा विचार केला नसणार, पण लेख आठ-दहा पानांत संपतो हे आपल्या कामाचं. आधी वाचून झालेलं आवडतं पुस्तक पुन्हा घेणं हाही उपाय आहे, कारण कुठूनही धागा लागतो.

ऑडिओ पुस्तकं मराठीत आता भरपूर आहेत. एकाच कानात इयरफोन, दुसरा बाळासाठी मोकळा. बाबागाडी फिरवताना, कपडे वाळत घालताना. सुलटउलट म्हणतात ते चौकोनही त्याच वेळी होतील.

आणि बाळाला काहीतरी वाचून दाखवाच. चार महिन्यांच्या बाळाला गोष्ट नको असते, आवाज हवा असतो. त्यामुळे तुमचंच पुस्तक मोठ्याने वाचा. मी शेअर बाजाराच्या बातम्या वाचल्यात, पोरगं खुश होतं.

इरकलकाठ

@निमाआजी, रथसप्तमीचं डोक्यातच नव्हतं! तेवढे दिवस वाढले. 
@सुलटउलट, पटतंय. पण खरं सांगू का, मला चौकोन नको आहेत. मला गवंतीच करायची आहे. डोकं लागतं म्हणूनच ती आवडते. दिवसभर दूध, दुपटी, ढेकर, पुन्हा दूध. कुठेतरी डोकं चालवावंसं वाटतं.

शिवाय क्रोशाची सुई धरली की उजव्या अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. बाळ उचलतानाही येते.

फिजिओताई

ती कळ अंगावर काढू नका. नव्या आयांमध्ये हे खूप दिसतं. अंगठ्याकडे जाणाऱ्या कंडरा, म्हणजे स्नायूंच्या दोऱ्या, मनगटापाशी ज्या आवरणातून सरकतात, ते सुजतं. याला डी क्वेर्वेन म्हणतात. बाळाला काखेत अंगठे ताणून उचलतो ना, ते मुख्य कारण. त्याऐवजी दोन्ही तळवे वर करून, एक मानेखाली आणि एक ढुंगणाखाली, सुपात घेतल्यासारखं उचला. पाजताना हाताखाली उशी घ्या म्हणजे मनगट वाकून राहणार नाही. मोबाईल अंगठ्याने सरकवणंही कमी करा.

घरच्या घरी ओळखून उपचार नकोत, एकदा दाखवा. अंगठ्याला आधार देणारा पट्टा बहुधा देतील. तोवर क्रोशा पूर्ण बंद. बारीक सुईचं भरतकाम त्यामानाने चालेल, पण कापड हातात घट्ट धरून नाही. रिंग टेबलाला अडकवायचा स्टँड मिळतो. दुखलं की थांबायचं.

नानीचीनात

आता मी विचारते ते आगाऊपणाचं वाटलं तर सोडून द्या. वेळ मिळत नाही हे एक. वेळ मिळाला तरी कशातच मन लागत नाही, बाळाकडे बघूनही काही वाटत नाही, बाळ झोपलं तरी झोप येत नाही, हे वेगळं. पहिले दहा-पंधरा दिवस रडू येणं बहुतेकींना होतं आणि जातं. त्यानंतरही टिकलं तर डॉक्टरांशी बोलायचं. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात. मी माझ्या वेळी कुणाशीच बोलले नाही, म्हणून आता प्रत्येकीला विचारते.

इरकलकाठ

आगाऊपणा नाही, बरं वाटलं विचारलंत ते. नाही, मन लागतं, लागतं म्हणूनच चिडचिड होते. पण नंबर लिहून ठेवलाय.

रात्रपाळी

मग तुम्हाला फावला वेळ नकोय, नेमून दिलेला वेळ हवाय. बाळ झोपलं की मिळतो तो वेळ तुमचा नसतो, बाळाचा असतो. ते कधीही परत मागून घेतं. गवंती त्यात होणारच नाही.

आमच्याकडे बायको सतार वाजवते. "मी मदत करतो" असं मी म्हणत होतो तोवर काही झालं नाही. कारण मदत म्हणजे ती सांगणार, मी करणार, आणि लंगोट कुठे आहेत हे विचारायला दर पाच मिनिटांनी दार ठोठावणार. मग ठरवलं : शनिवार-रविवारी सकाळी मालिश, आंघोळ, धुरी आणि नंतरचं फिरणं माझं. ती दूध पाजून देणार आणि खोलीत जाऊन दार लावणार. बाळ रडलं तरी दार उघडायचं नाही, ही अट तिला पाळायला जास्त जड गेली. लंगोट उलटा बांधला असेल, चालतं.

नवऱ्याला हे वाचायला द्या. आणि कामावर जायच्या आधीच सुरू करा. नंतर सुट्टीचा दिवस धुण्यात जातो.

निमाआजी

रात्रपाळी, तुमच्या आईने छान वळण लावलंय.

सासूबाईंनाही कामाला लाव गं. त्यांना सुई दिसली की राग येतो, तर त्यांना धागे मोजायला बसव. म्हाताऱ्या बायकांना मोजायला आवडतं. चष्मा लावून बसतील आणि मग दिवा मालवणार नाहीत, उलट "अजून लाव" म्हणतील.

सुलटउलट

गवंतीच करायची तर मग तिच्यातच सोय करू या. कशिदा मला थोडाफार येतो.

एक. गोपूर एकदम धरू नका. एका बैठकीत जाणं आणि येणं दोन्ही पुरं होईल एवढाच तुकडा घ्या, एक पायरी किंवा एक कळस. धागाही तेवढाच कापा. परत निघालेल्या जागी आलात की बैठक संपली, धागा टाक्यांखालून फिरवून संपवा. अर्ध्यावर उठायची वेळ येत नाही.

दोन. नाइलाजाने अर्ध्यात उठावं लागलंच, तर जिथून वळायचं तिथे वेगळ्या रंगाचा कच्चा धागा सैल घालून ठेवा. गडद कापडावर पिवळा.

तीन. काळं कापड. दिवा वरून कितीही लावा, वीण दिसत नाही. मांडीवर पांढरा टॉवेल घ्या आणि त्यावर कापड. धाग्यांमधल्या फटी उजळ दिसतात. तुमची अर्धी उसवाउसव तिथेच वाचेल. काळ्यावर मोजायचं कामच रात्री काढू नका.

चार. मेंथी (फुलीचा टाका) आणि नेगी वेगळ्या काढा. नेगीत सरळ ओळीत विणल्यासारखे लांब टाके जातात, परतीची वाट शोधायची नसते. काठाची नेगी दुपारसाठी, गोपुराची गवंती शनिवारच्या बंद दारासाठी.

आणि सुई. बाळ आता पालथं पडेल, मग सरकेल. सुई कधीही बिनधाग्याची ठेवायची नाही. धागा असला तर हरवलेली सापडते. झाकणाच्या डब्यात लोहचुंबक चिकटवा, सुया त्याच्यावर. उठताना सुई कापडात टोचून ठेवायची सवय मोडा, ते कापड बाळ ओढणारच.

कोकणकडा

बायकोला विचारलं. म्हणाली, वाजवायची पेटी विकली, आठवत नाही का? मला खरंच आठवत नव्हतं. असो. शनिवार-रविवारची कल्पना चांगली आहे.

इरकलकाठ

@कोकणकडा, लिहिल्याबद्दल आभार. 

पांढऱ्या टॉवेलचं आत्ताच करून बघितलं. इतकी वर्षं मावशीच्या अंगणात उन्हात बसून भरलं, म्हणून ही अडचण कधी कळलीच नव्हती. 

नवऱ्याने ही सगळी चर्चा वाचली. "धुरी कशी देतात?" असं विचारलंय, म्हणजे तयारी आहे. मी म्हटलं धुराचं राहू दे, बाळाच्या छातीला तो नकोच, बाकीचं शीक. शनिवारी दार लावणार. 

आता दोन प्रश्न. चंद्रकळेवर थेट हात घालण्याआधी बोटं परत बसवायला मॅटीच्या (मोजून भरायच्या घरांच्या विणीच्या कापडाच्या) तुकड्यावर थोडं भरून बघावं म्हणते. पुण्यात बारीक विणीची मॅटी कुठे मिळेल? आणि टेबलाला अडकवायचा स्टँड घेताना काय बघायचं?

सुलटउलट

मॅटीसाठी बोहरी आळीत बघा. घेताना एका इंचात किती घरं आहेत ते तिथेच पट्टी लावून मोजा, दुकानदार सगळ्यालाच बारीक म्हणतात. चौदापेक्षा कमी नको, नाहीतर साडीवर परत हात जड पडेल. स्टँडचा चाप टेबलाच्या फळीच्या जाडीला बसतो का ते आधी मोजून जा, आणि रिंग एका हाताने फिरवता येते का ते बघा. दुसरा हात कधी मोकळा असेल, सांगता येत नाही.