अमीर खाँ ते मेटॅलिका: सामान्य कानाचे सहा निकाल (हरकती येऊ द्या)

रामबागेतला श्रोता
हा धागा जाणकारांसाठी नाही, किंवा खरं तर त्यांना छळण्यासाठीच आहे. कसोटी एकच: मात्रा न मोजता, साध्या ब्लूटूथ स्पीकरवर अल्बम सलग लावला तर शेवटपर्यंत ऐकवतो का? गुण ५ पैकी.

अमीर खाँ, मारवा आणि दरबारी या रागांची एलपी (लाँग-प्ले तबकडी): दरबारी थोर. मारवा मात्र पहिली दहा मिनिटं नुसता टांगून ठेवतो, गाणं षड्जावर (सा वर) येऊन बसतच नाही. खाँसाहेब आपल्या इंदूरचे म्हणून घरच्या माणसाला वाढीव गुण द्यायचे का? ३.५.
माइल्स डेव्हिसचा काइंड ऑफ ब्लू (१९५९): जाझमधलं ओ की ठो कळत नसताना आवडला. ५.
कॉल ऑफ द व्हॅली (१९६७, संतूर-बासरी-गिटार): गोड. हॉटेलच्या लॉबीत खपेल इतका गोड. ३.
पिंक फ्लॉइडचा डार्क साइड ऑफ द मून (१९७३): ४३ मिनिटं कुठे जातात कळत नाही, फक्त गाण्यांच्या मधे खटके बसतात. ४.५.
मिलिंद इंगळेंचा गारवा: शीर्षकगीताआधीचं कवितावाचन एकदा ठीक, दुसऱ्यांदा पुढे ढकललं. ३.
मेटॅलिकाचा डेथ मॅग्नेटिक (२००८): जुन्या सगळ्यांपेक्षा दमदार आवाज. ४.

हाणा.

काळी एक
मारव्याबद्दलची तुमची तक्रार म्हणजे मारव्याचं वर्णन आहे. पंचम वर्ज्य, त्यामुळे तानपुऱ्याची पहिली तार बहुधा निषादाला लावतात. म्हणजे टेकायला पंचम नाही, आणि सगळा खेळ कोमल रिषभ आणि धैवतावर. षड्ज उशिरा आणि थोडाच लावायचा, हेच तर त्यातलं कसब. वर झुमरा ताल, १४ मात्रांचा, अतिविलंबित म्हणजे अगदी संथ. एका मात्रेला तीन-सव्वातीन सेकंद धरले तरी आवर्तन पाऊण मिनिटाचं होतं. तुमच्या 'पहिल्या दहा मिनिटांत' जेमतेम तेरा आवर्तनं झाली. एवढ्यात बढत (रागाचा विस्तार) कुठवर जाणार?

आणि दरबारी 'थोर' वाटला तो नक्की किती ऐकू आला? काळी एक पट्टी धरली तर मध्य षड्ज १३९ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे मंद्रातला (खालच्या सप्तकातला) कोमल धैवत ११० ला. दरबारीचा जीव तिथे आहे. तळहाताएवढा स्पीकर तिथे जवळपास मुका असतो, मोबाइलचा तर २००-३०० च्या खाली उतरतच नाही. वरच्या उपस्वरांवरून कान स्वर ओळखतो, म्हणून गाणं बेसूर वाटत नाही. वजन मात्र गेलेलं असतं. तारवाले साधे इअरफोन लावा, कानात घट्ट बसवून. सैल बसले की पहिला खर्जच गळतो.

रामबागेतला श्रोता
म्हणजे आवडलं तेही चुकीचं ऐकलं आणि नाही आवडलं तेही! वा भिया. राग अस्वस्थ करणारा आहे हे पटलं. पण अस्वस्थतेचे गुण द्यायचे की ऐकवण्याचे? मी ऐकवण्याचे दिले.

मल्हारगंज
रामबागवाल्यांशी सहमत. शास्त्रीय अल्बमवर कुणी बोट ठेवलं की 'तुमचं उपकरण वाईट, तुमची वेळ चुकीची, तुमचा कान कच्चा' ही तीन उत्तरं ठरलेली. ज्या काळात ७८ च्या तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मिळायची, तेव्हा हेच गायक तेवढ्यात राग उभा करायचे. एलपीने जागा वाढवली, म्हणून श्रोत्याच्या सबुरीला गृहीत धरायचं असं नाही.

सुईधागा
एलपीने जागा वाढवली, पण ती ख्यालाच्या सोयीची नाही. १२ इंची तबकडी ३३⅓ फेऱ्यांनी फिरते. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटीमीटर खाच सरकते, आत लेबलाजवळ २१ च्या आसपास. वेग निम्म्याहून कमी झाला की बारीक, उंच आवाज तेवढ्याच खाचेत दाटीने कोरावे लागतात आणि सुई ते नीट वाचू शकत नाही. पाश्चात्त्य अल्बमवाले म्हणून बाजूच्या शेवटी बरेचदा शांत गाणं ठेवायचे. ख्यालात नेमकं उलटं: संथ विलंबित बाहेरच्या रुंद वर्तुळात आणि जलद द्रुतातल्या ताना आतल्या अरुंद जागेत. 'स' आणि 'श' फुसफुसतात, तान खरखरते. ऐकणारा म्हणतो रेकॉर्ड घासली. घासलेली असेलही, पण पुष्कळदा नसते.

ज्यांच्याकडे मारवा-दरबारीची मूळ प्रत आहे त्यांच्यासाठी: ती मोनो (एकाच वाहिनीची) आहे. अँप्लिफायरवर मोनोचं बटण असेल तर दाबा. गाणं खाचेच्या आडव्या हालचालीत असतं, धुळीचा बराच कडकडाट उभ्या हालचालीत, आणि मोनो केलं की तो उभा भाग कापला जातो. आजच्या बहुतेक मॅग्नेटिक कार्ट्रिजना (सुई बसवलेल्या डब्यांना) दाब दीड ते दोन ग्रॅम लागतो. रेकॉर्ड जपायची म्हणून एक ग्रॅमवर ठेवू नका. हलकी सुई खाचेत नीट बसत नाही, उड्या मारते आणि जास्त नासधूस करते.

आणि एलपीने जागा वाढवली हा मल्हारगंजचा मुद्दा उलटाही वळतो. एका बाजूला वीस-बावीस मिनिटांच्या पुढे गेलं की खाचा जवळ आणाव्या लागतात आणि आवाजाची पातळी उतरवावी लागते. म्हणजे खाँसाहेबांनी तुमच्या सबुरीला नाही, सुईलाच मान दिला आहे.

साउथ तुकोगंज
मला खटकतं ते वेगळंच. काइंड ऑफ ब्लूला ५ आणि मारव्याला ३.५, हे एकाच कानाचे निकाल कसे? पहिल्या बाजूचं 'सो व्हॉट' घ्या. त्याची स्वरचौकट डी डोरियन, म्हणजे स्वरांनी आपला काफी थाट. सोळा बार (चार-चार मात्रांचे खंड) त्याच स्वरांवर, मग आठ बार तोच थाट अर्ध्या स्वराने वर, मग आठ बार पुन्हा खाली. बत्तीस बारांचा एवढाच साचा. एका चौकटीत थांबून राहणं तुम्हाला तिथे चालतं आणि इथे 'टांगून ठेवतो'?

जाता जाता: ती पहिली बाजू, म्हणजे २ मार्च १९५९ चं ध्वनिमुद्रण, जुन्या प्रतींत किंचित चढी वाजते. मुद्रणाच्या वेळी टेप मशीन हळू चालत होतं, त्यामुळे योग्य वेगाने वाजवल्यावर सूर वर गेला. नव्वदच्या दशकातल्या पुनर्मुद्रणांत ते दुरुस्त झालं. जुन्या प्रतीबरोबर पेटी धरून बसलात तर पहिली तीन गाणी पट्टीत मिळणार नाहीत. पेटीवाल्याला दोष देऊ नका.

मल्हारगंज
कारण तिथे बास आणि ड्रम्स चालते आहेत. पाय ठेका धरतो. झुमऱ्याच्या त्या लयीत पाय कुठे ठेवायचा? 'स्वर तेच धरून ठेवलेत' एवढं साम्य दाखवून वेळेचा फरक झाकता येत नाही.

साउथ तुकोगंज
हे मान्य, हा खरा फरक आहे. पण मग डार्क साइडमधलं 'मनी' बघा: नाण्यांच्या आवाजाची टेप सात मात्रांत फिरते, गाणं सातात, सॅक्सोफोन सातात. गिटार सुरू झाली की चारात. पाय तिथेही अडखळतो, आणि गुण साडेचार!

खटक्यांबद्दल: गाणी एकमेकांत मिसळलेली आहेत, खटके तुमच्या अॅपचे. शफल बंद, क्रॉसफेड (एक गाणं दुसऱ्यात विरघळवणं) शून्य, गॅपलेस (मधे खंड न पाडणं) असेल तर चालू. क्रॉसफेड ठेवलंत तर मुळात जोडलेली गाणी दुसऱ्यांदा जोडली जातात आणि सांध्यावर गढूळ होतं. पहिल्या बाजूच्या शेवटी, 'मनी'च्या आधी, थांबा हवाच. तिथे तबकडी उलटायची असते.

काळी एक
डेथ मॅग्नेटिकचे ४ गुण तर आवाजाच्या बटणाला दिलेत. ठासून भरलेल्या आवाजाचं ते बदनाम उदाहरण आहे. शिखरं इतकी छाटली आहेत की ड्रमचा ठोका फुटतो. त्याच वर्षी गिटार हिरो या व्हिडिओ गेमसाठी गेलेली आवृत्ती कमी दाबलेली होती, आणि खुद्द चाहतेच ती बरी म्हणून शोधू लागले. अॅपमधलं व्हॉल्यूम नॉर्मलायझेशन (आवाजाची पातळी सारखी करणारी सोय) चालू करा. सगळे अल्बम साधारण सारख्या पातळीवर येतात, स्पॉटिफायवर ही पातळी −१४ एलयूएफएसच्या (जाणवणारा आवाज मोजायचं एकक) आसपास असते. मग दरबारी आणि मेटॅलिका पाठोपाठ लावा. छाटलेलं टोक नॉर्मलायझेशनने परत येत नाही. आवाज खाली आला की नुसता चपटेपणा उरतो.

जेलरोड
आणि चपटेपणाच आवडत असेल तर? हेवी मेटल मऊ तांदळासारखं कुणाला हवंय.

कॉल ऑफ द व्हॅलीला लॉबी म्हणणाऱ्यांनी पोपटकरांचा तबला आणि काब्रांची गिटार धरून भूप परत ऐकावा. झपताल आहे, दहा मात्रा, दोन-तीन-दोन-तीन. लॉबीवाल्यांना एवढं कोण देतं? अहिरभैरवापासून पहाडीपर्यंत मेंढपाळाचा दिवस मांडला आहे, क्रम बदलून लावलात तर मग खरंच लॉबी होते. माझे ४.

रामबागेतला श्रोता
नॉर्मलायझेशन चालू केलं. डेथ मॅग्नेटिक अजूनही ४, कारण जेलरोड म्हणतात तेच. मारवा ३.५ वर कायम, संध्याकाळी तारवाल्या इअरफोनवर लावूनही. गारव्यावर एकानेही तोंड उघडलेलं नाही. म्हणजे माझे ३ सगळ्यांना मान्य समजायचे का?

जेलरोड
अजिबात नाही. त्यावर वेगळा धागा काढा, इथे तीनशे प्रतिसाद होतील.